चौरस फूट

पहिल्या आराखड्यात सतरा खोल्या होत्या,
एक तलाव, ज्याचं पाणी थेट समुद्रात सांडतंय असं वाटावं,
आणि ध्यानासाठी घुमट, पूर्वेला तोंड करून.
ट्रेसिंग पेपरवर रान म्हणजे
हिरव्या पेन्सिलीची गोल गोल वेटोळी,
शिक्के मारल्यासारखी एकसारखी.

मग मी खैरवाडीच्या सड्यावरून खाली उतरले.
पुढे सगुण घाडी, कमरेला कोयता, पण काढत नव्हता.
माझी वेटोळी तिथं नावं लावून उभी होती:
ऐन, किंजळ, नाणा, सातवीण,
आणि एक वाकडा कुंभा, ज्याच्या बाजूनं सगुण
अंग चोरून गेला,
पडवीत झोपलेल्या म्हाताऱ्याच्या बाजूनं जावं तसा.

"हयसर भादव्यात पाणी वाट मागता," तो म्हणाला.
जानेवारी होता. पाचोळा खडखडीत.
मला पाणी कुठंच दिसलं नाही,
पण खोली क्रमांक चार ते आठ
मी उभ्या उभ्या खोडल्या.

दुपारी चिरेखाणीवर गेले.
ताजा जांभा ओला असतो, नख उमटतं त्याच्यावर.
वाऱ्यावर ठेवला की निबर होतो.
शेजारी खड्डा, काटकोनात, दोन पुरुष खोल,
तळाला शेवाळलेलं पाणी, एक तुटकी चप्पल.
आमच्या प्रत्येक खोलीमागे एक उलटी खोली
दुसऱ्या कुणाच्या तरी गावात राहणार होती,
आणि तिचा फोटो माहितीपत्रकात नसता.
मी भिंती कमरेपर्यंतच ठेवल्या.
वर बांबूची तट्टी, वर वारा.

लुंकडसाहेब पुण्याहून आले. भला माणूस.
खिशात दम्याचा पंप.
लोकांनी इथं येऊन नीट श्वास घ्यावा
एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते खरं होतं.
त्यांनी विचारलं, "कौलं कुठून आणायची?"
मी मंगळूर म्हणणार,
तेवढ्यात सगुण म्हणाला, "देवळातसून. आणि खयसून?"

म्हणून आम्ही तिघं देवळात.
पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवल्या.
सगुणनं गाऱ्हाणं घातलं, सगळं सांगितलं:
खोल्या, तट्टी, कर्जाची बँक,
संडासाचं पाणी केळीला जाणार तेसुद्धा.
व्हय म्हाराजा, आम्हीच म्हटलं, तिसरं कोण होतं?
कळी पडेना.
दहा मिनिटं. वीस मिनिटं.
लुंकडसाहेब मांडी घालून बसले होते,
फोन उलटा, हात रिकामे.
मग डोक्यावरून काहीतरी गेलं,
जाड गोधडी झटकावी तसा आवाज.
आम्ही वर बघितलं, आणि तेवढ्यात कळी पडली.
उजवी की डावी, ते फक्त सगुणला माहीत.
तो म्हणाला, "चला, दाखवतंय."

बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती.
दार आतून लिंपून घेतलेलं,
फट फक्त चोच जाईल एवढी.
पिसं झडू द्यायची, अंडं उबवायचं,
बाहेरच्यानं आणलेलं फळ फटीतून घ्यायचं.
साडेतीन महिने.
जागा: दीड चौरस फूट.
सवय म्हणून मी वहीत नोंदवून घेतलं.

घुमट गेला. तलाव तर आधीच गेला होता.
दगड कापायचं यंत्र मेअखेरपर्यंत बंद.
सहा खोल्या उरल्या, त्याही सड्याच्या कडेला,
जिथं आधीच जुनी पायवाट आणि काजू होते.
माझी फी चौरस फुटावर ठरलेली.
आमच्या हिशेबनीस शेवंतीबाईंनी
कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून दाखवला:
खोडरबरानं एक स्कूटर खाल्ली होती.

शेवटचा आराखडा लुंकडसाहेबांसमोर पसरला.
मधोमध एवढी मोठी पांढरी जागा.
त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं.
"इथं काय येणार?"
"भादव्यात पाणी," मी म्हटलं.
बराच वेळ बोट तिथंच होतं.
मग त्यांनी पंप काढला, बघितला,
आणि तसाच परत खिशात ठेवला.